नळाखालचा हिरवा चतकोर

पहिला नकाशा मी रंगीत पेन्सिलींनी काढला होता. घरामागची सगळी मोकळी जागा त्यात बसवली होती. मधोमध तळं, तळ्यात कमळ, एका कडेला सात थरांची फळबाग, दुसऱ्या कडेला कोंबड्यांचं फिरतं खुराडं, आणि दगड रचून गोल गोल चढत जाणारा तो औषधी वनस्पतींचा शंख. (हा शंख पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या कलानं करायच्या टिकाऊ शेतीच्या, प्रत्येक फोटोत असतो. त्याच्याशिवाय फोटो काढायला बंदी असावी.) नकाशा इतका देखणा झाला की मी तो भिंतीवर लावला. आत्यानं चष्मा वर सरकवून तो नीट बघितला आणि विचारलं, "यात तू कुठे आहेस?"

मला वाटलं, चेष्टा करते आहे.

मग मी दोन माणसं लावून दोन दिवसांत सगळी जागा खणून घेतली. तण मुळासकट उपटून कुंपणाबाहेर फेकलं. जमीन कशी सपाट, स्वच्छ, आंघोळ घातल्यासारखी दिसत होती. आठवडाभरात एकोणीस प्रकारची रोपं आणि बिया लावून टाकल्या. नंतर पाऊस आला. उघड्या मातीवर थेंब आपटले, वरची ढेकळं फुटून त्यांचं पीठ झालं, ते घट्ट बसलं, आणि उघडीप पडल्यावर दुधावर यावी तशी मातीवर साय आली. पुढच्या पावसाचं पाणी त्या सायीवरून घसरून गेलं, जाताना गाळ घेऊन गेलं, आणि रोपांच्या मुळाशी कोरडंच राहिलं. तणाचं तर विचारूच नका. वर्षानुवर्षं अंधारात निजलेलं बी मी कुदळीनं उजेडात आणून ठेवलं होतं, आणि पुष्कळ तणांच्या बियांना जागं व्हायला तेवढा उजेड पुरतो. दोन महिन्यांनी एकोणीसपैकी चार प्रकार कसेबसे ओळखू येत होते. नकाशात 'फळबाग' लिहिलं होतं तिथे कमरेएवढं गवत होतं.

त्या सगळ्या पसाऱ्यात एकच जागा अशी होती की जिथे कुणी काही न करता सगळं बरं चाललं होतं. मागच्या नळाखाली. आत्या तिथे हातपाय धुते, बादल्या विसळते. कधीतरी तिनंच खोचलेली पुदिन्याची काडी आता दाट झाली होती, भांड्यांतून निसटलेल्या बीचा एक टोमॅटो फुलावर आला होता, आणि बोट घातलं तर माती ओली, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. माझ्या नकाशात त्या जागेवर लाल पेन्सिलीनं एक खूण होती आणि शेजारी लिहिलं होतं: 'नळ हलवणे'.

तो हिरवा चतकोर बघत मी बराच वेळ उकिडवी बसले. आत्याचा प्रश्न मला तेव्हा कळला.

पर्माकल्चर हा शब्द ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर घडला. बिल मॉलिसन तिथे शिकवत होते, डेव्हिड होमग्रेन त्यांच्याहून बराच तरुण विद्यार्थी होता, आणि दोघांच्या चर्चेतून १९७८ मध्ये या विषयावरचं पहिलं पुस्तक आलं. कायमची टिकणारी शेती, असा सुरुवातीचा अर्थ. पुढे तो शेतीपुरता न राहता एकूण राहणीपर्यंत ताणला गेला. जमिनीची काळजी, माणसांची काळजी, आणि जास्तीचं वाटून टाकणं ही पर्माकल्चरची तीन सूत्रं. होमग्रेन यांनी २००२ मध्ये बारा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलं आहे निरीक्षण करा आणि मग हात घाला. आणि नववं आहे उपाय लहान नि सावकाश असू द्यात. मी हे सगळं आधी वाचलं होतं. खाली रेघाही मारल्या होत्या. पण 'लहान' या शब्दाचा अर्थ मी नवशिक्यांसाठीची सवलत असा घेतला होता. म्हणजे ज्याला मोठं झेपत नाही त्यानं लहान करावं, आणि मला तर झेपणार होतं.

आता वाटतं, लहान म्हणजे किती हे जागेवर ठरतच नाही. रोज न ठरवता, काम म्हणून न जाता, जिथपर्यंत नजर पोचते तेवढं लहान. मॉलिसन यांच्या मांडणीत घर हा मध्य धरून जमिनीचे पट्टे पाडतात, शून्यापासून पाचपर्यंत. रोज ज्याच्याकडे बघावं लागतं ते घराला लागून पहिल्या पट्ट्यात. आठवड्या-पंधरवड्यानं बघितलं तरी चालतं ते लांब. आणि पाचवा पट्टा जंगलाला सोडलेला, तिथे आपण फक्त शिकायला जायचं. कागदावर ही वर्तुळं सुबक दिसतात. प्रत्यक्षात माझा पहिला पट्टा वर्तुळ नव्हताच. मागच्या दारापासून नळापर्यंत पडलेली चौदा पावलांची एक पायवाट होती. तिच्या दोन्ही बाजूंना हात पोचेल तेवढंच मी रोज बघत होते. माझं मन तेवढ्याच बागेत राहत होतं आणि मी मशागत करायला निघाले होते सगळ्या आवाराची.

तर नळाशेजारी एक मीटर लांब, एक मीटर रुंद एवढा वाफा घेतला. बाकीची जागा गवताला परत देऊन टाकली. लोक विचारायचे, हरलात का? मी हो म्हणायचे.

एक चौरस मीटरमध्ये चुका करायची मजा अशी की त्या दिसतात. मोठ्या जागेत रोप मेलं तर ते नुसतं मेलेलं असतं. इथे ते का मेलं हे विचारल्याशिवाय सुटका नसते. पहिली चूक भुशाची. आच्छादन घालायचं, माती उघडी ठेवायची नाही, हे तर मार खाऊनच शिकले होते. सुतारकामाचा ताजा भुसा फुकट मिळाला. मी तो वर न पसरता मातीत छान कालवला, मऊ होईल म्हणून. तीन आठवड्यांत पालकाची पानं पिवळी पडायला लागली, जुनी पानं आधी. नत्र कमी पडल्याचं हे ओळखीचं लक्षण. झालं असं की लाकडात कार्बन भरमसाट आणि नत्र जवळजवळ नाहीच. ते प्रमाण शेकड्यांत जातं. तो भुसा कुजवणाऱ्या जिवाणूंना, बुरश्यांना स्वतःचं शरीर बांधायला नत्र हवं असतं, भुशात ते मिळत नाही, म्हणून ते मातीतलं उचलतात, आणि या ओढाताणीत झाडाच्या मुळांपेक्षा ते कितीतरी चपळ असतात. ते मेले की नत्र परत सुटतं, पण पालकाला तेवढा धीर कुठून असणार? हाच भुसा नुसता वर पसरला असता तर ही ओढाताण जिथे भुसा मातीला टेकतो त्या पातळशा थरापुरतीच राहिली असती. जंगलात पानं वरूनच पडतात, कुणी ती खाली कालवत नाही. इतकी साधी गोष्ट मी रोज बघत होते आणि मला ती दिसली नव्हती.

दुसऱ्या वेळी वाळका पाला वर चांगला चार बोटं जाड पसरला, खोडापर्यंत दाबून. मग खोडं कुजली आणि गोगलगायी आल्या. खोडाभोवती वीतभर नाही तरी चार बोटं मोकळी सोडायची असतात, हवा खेळायला. गोगलगायींबद्दल मॉलिसन यांच्या नावावर एक उत्तर फार फिरतं: तुमच्याकडे गोगलगायी जास्त झालेल्या नाहीत, बदकं कमी पडली आहेत. वाक्य झकास आहे. पण एक चौरस मीटरच्या वाफ्यासाठी बदक पाळायचं म्हणजे उंदरासाठी मांजर, मांजरासाठी गाय, असं होत जाणार. मी रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचल्या. पाचसहा रात्री वेचल्यावर लक्षात आलं की त्या सगळ्या एकाच बाजूनं येतात, जिथे मी रिकाम्या कुंड्या ओळीनं उलट्या घालून ठेवल्या होत्या. दिवसभर सावली, ओल आणि निवांतपणा. मीच त्यांना धर्मशाळा बांधून दिली होती. कुंड्या हलवल्या.

पण सगळ्यात जास्त मी ज्यातून शिकले ती गोष्ट घेवड्यावरच्या माव्याची, म्हणजे रस शोषणाऱ्या बारक्या किड्यांची. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटला, पानांवर चिकटा आला, त्या चिकट्यासाठी मुंग्यांची रांग लागली. मी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी बोटांनी चिरडायला सुरुवात केली. चिरडता चिरडता अजून एक किडा दिसला: काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, सहा पायांवर तुरुतुरु धावणारा, दिसायला एखाद्या बारक्या मगरीसारखा. हा नक्कीच मुख्य गुन्हेगार, असं समजून मी ते सातआठ वेगळे शोधून मारले. ती ढालकिड्याची पिल्लं होती. तांबडा, गोल, ठिपक्यांचा, ज्याला आपण लेडीबर्ड म्हणतो तोच ढालकिडा. मोठा झाल्यावर त्याला सगळे ओळखतात आणि लहानपणी कुणीच नाही. मावा हे त्याचं अन्न, आणि मादी अंडी घालते तीसुद्धा मावा आहे असं बघूनच. म्हणजे मावा आधी यायला हवा. ढालकिडा त्याच्या मागून येणार. मधल्या काळात आपण जी तगमग करतो, फवारे शोधतो, तो काळच खरं तर वाट बघायचा.

पुढच्या हंगामात मी हात बांधून बसले. अक्षरशः मागे बांधून, कारण बोटं वळवळत होती. दहा दिवस मावा वाढतच गेला. मग एका पानाच्या खाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला. माव्यातले काही किडे फुगून, तपकिरी होऊन, जागच्या जागी मण्यासारखे घट्ट झाले होते. त्यांच्या पोटात बारीक गांधिलमाश्यांनी अंडी घातली होती. पंधरवड्यानं शेंडे जवळपास साफ. पण एक वेल गेला तो गेलाच, हेही सांगायला हवं. निसर्गाच्या कलानं घ्यायचं ठरवलं की त्याचाही वाटा निघतो, आणि किती काढायचा हे तो आपल्याला विचारून ठरवत नाही. घेवड्याच्या चार वेलांपैकी एक गेला तर मी तत्त्वज्ञान सांगू शकते. ज्याचं घर त्या पिकावर चालतं त्याला हे ऐकवायचा अधिकार मला नाही. लहान जागेत शिकण्याचा हा मोठाच फायदा, की धीर धरायची किंमत परवडते.

सगळंच मात्र लहान चालत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. कंपोस्टचा ढीग मी बादलीएवढा केला आणि तो तापेल म्हणून रोज हात घालून बघायचे. थंडगार. वाळकं-ओलं प्रमाण मी अगदी मोजून धरलं होतं, नत्राच्या एका भागाला कार्बनचे पंचवीस-तीस भाग जमावेत असं. ओलही हातात पिळलेल्या फडक्याइतकी. तरी थंड. ढीग तापतो तो आतल्या जिवाणूंच्या श्वासामुळे, आणि ती ऊब धरून ठेवायला भोवती पुरेसं अंथरूण लागतं. साधारण एक मीटर लांब, रुंद, उंच असा ढीग असेल तर मध्यभागी ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत पारा चढतो, तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू त्यात मरतात. बादलीतली ऊब बाहेरच्या बाहेर विरून जाते. मग काय, माझ्या ढिगाला मी तापायला सांगायचं सोडून दिलं. तो गार राहूनच कुजतो, वर्ष लावतो, आणि त्यातून टोमॅटोचं बी जसंच्या तसं जिवंत बाहेर येतं. नळाखालच्या टोमॅटोचे भाऊबंद आता कुठेही उगवतात.

गांडुळांबद्दल मात्र घाईच्या माणसानं एकदा चार्ल्स डार्विनची गोष्ट ऐकावी. त्यानं १८४२ मध्ये घराजवळच्या एका कुरणावर खडूचे तुकडे पसरवले. मग १८७१ मध्ये, म्हणजे २९ वर्षांनी, तिथे चर खणून बघितला. खडूचा पांढरा पट्टा ७ इंच खाली गेलेला होता. गांडुळं खालची माती विष्ठेतून वर आणून टाकत राहिली आणि खडू बुडत गेला. पृथ्वीच्या पाठीवर इतकं सावकाश नि इतकं न थांबता काम करणारं कुणी आहे हे त्यानं मोजून दाखवलं. मला त्या निष्कर्षाहून त्या माणसाचं २९ वर्षं थांबणं जास्त चकित करतं. मी बादलीत रोज हात घालत होते.

पाण्याचं शिकणं तसं सोपं होतं, कारण त्यात गणित आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. घराच्या छपराची मागची बाजू चाळीस चौरस मीटर. एका सरीत २५ मिलिमीटर पडला की हजार लिटर पाणी पन्हळीतून खाली. मी हौसेनं २०० लिटरचं पिंप ठेवलं होतं, ते ५ मिलिमीटरलाच भरून वाहायला लागायचं. तेव्हा छत्री घेऊन भर पावसात उभी राहिले आणि पाणी कुठून कुठे जातं तिथे तिथे काड्या खोचत गेले. भिजले ती गोष्ट वेगळी, पण तो माझा पहिला खरा नकाशा. उन्हात काढलेल्या नकाशात उतार असतो, पण पाणी नसतं.

त्या काड्यांवरून एक समतल चर खणायचा ठरवला, तीन मीटर लांब. समतल रेषा धरायला महागडं यंत्र लागत नाही: दोन काठ्या वर बांधून आडवी पट्टी मारायची, मधून दगडाचा ओळंबा सोडायचा, आणि ओळंबा पट्टीच्या मधल्या खुणेवर येईल तसं पाऊल पाऊल पुढे सरकायचं. चर उतारावर आडवा असला की पाणी त्यात पळत नाही, बसतं, आणि हळूहळू मुरतं. सगळं ठीक केलं. सांडवा ठेवायला विसरले. पहिल्या मोठ्या पावसात चर भरला, बांधाचा सगळ्यात कच्चा भाग पाण्यानं स्वतःच शोधला, आणि ते सरळ शेजारच्या काकूंच्या दारात गेलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "पाणी अडवलंस ते चांगलं केलंस, पण त्याला जायचं कुठून ते सांगितलं नाहीस." दुसऱ्या दिवशी दगड लावून सांडवा केला, जास्तीचं पाणी वाफ्याकडे वळेल असा.

या सगळ्यात एक गैरसमज मी फार दिवस सांभाळला होता, की निसर्गावर सोडलं म्हणजे झालं. जपानमधले मासानोबु फुकुओका न नांगरता, न खुरपता शेती करण्यासाठी ओळखले जातात. ते मूळचे वनस्पतींच्या रोगांचे अभ्यासक. नोकरी सोडून शिकोकू बेटावरच्या वडिलांच्या शेतावर परतले तेव्हा त्यांनी संत्रावर्गीय फळांच्या बागेची छाटणीच बंद केली, झाडांना निसर्गावर सोडलं. फांद्यांत फांद्या अडकल्या, किडी पडल्या, आणि ती झाडं वाळून गेली. ज्या झाडाला माणसानं वर्षानुवर्षं छाटून एक वळण लावलंय त्याला एका सकाळी 'तू मोकळं' म्हणणं म्हणजे मोकळं करणं नव्हे, टाकून देणं, हे त्यांनी स्वतःची झाडं घालवून शिकलं आणि लपवून न ठेवता सांगितलं. पुढची सारी 'काही न करण्याची' शेती त्या वाळलेल्या बागेच्या पायावर उभी आहे. माझ्या गवताला परत दिलेल्या जागेबद्दल म्हणूनच मला थोडी शंका आहे. ती मी मोकळी सोडली की टाकून दिली?

तिसऱ्या वर्षी जरा धीटपणा आला. नळाच्या वाफ्यात जमलं तसंच्या तसं पलीकडच्या कोपऱ्यात केलं. तीच रोपं, तेच आच्छादन, तेच दिवस. सगळं पिवळं पडलं. शितावरून भाताची परीक्षा करतात ती एकाच भांड्यातल्या. जमिनीचं एक भांडं नसतं. कोपऱ्यात हातभर खड्डा खणून पाणी भरलं तर नळाजवळ जे तासाभरात जिरलं असतं ते दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच उभं होतं. माती बरणीत पाण्याबरोबर ढवळून ठेवली तर वाळू मिनिटाभरात तळाला बसली, ती कणभर; वरचं पाणी दोन दिवस गढूळच. निव्वळ चिकणमाती. तिथे परत पहिलीपासून सुरुवात. या विषयाचे ७२ तासांचे अभ्यासक्रम असतात, पूर्ण केले की प्रमाणपत्र मिळतं, आणि ते घेतलेली काही माणसं कुठल्याही जमिनीवर पाय ठेवताच तिला काय हवं ते सांगू शकतात. मला माझ्या आवाराच्या दोन कोपऱ्यांबद्दलही एक वाक्य सारखं बोलता येत नाही.

सध्या नळाचा वाफा दोन्ही अंगांनी हातभर वाढलाय. मी वाढवला नाही. आत्या बादल्या विसळायला थोडं सरकून बसायला लागली, कारण टोमॅटो तिच्या अंगावर यायचा. जिथे ती सरकली तिथे ओल सरकली, आणि ओलीमागून पुदिना.

त्या नव्या पट्टीतलं गवत दडपायला मागच्या पावसाआधी मी जुने पुठ्ठे, कागद पसरले आणि वर पाला टाकला. कागद कमी पडत होता, म्हणून भिंतीवरचा नकाशा काढला आणि तोही घातला. परवा रोप लावायला पाला बाजूला केला तर खाली मऊ काळी माती, तिच्यात गांडुळांची ये-जा, आणि कागदाचा बोटभर एक तुकडा शिल्लक. त्यावर निळी पेन्सिल होती. तळ्याचा काठ असावा. आत्या म्हणाली, "पुरून टाक परत, खातील."

पुरला.